साखरपाण्याची किटली

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या घराच्या भिंतीपलीकडे तर अख्खी शेजारीण होती, ओलं धुणं हातात घेऊन उभी. बाप गेला, मागे दोन मुलगे आणि एक मोटरसायकल. किल्ली थोरल्याने खिशात टाकली. त्यावर धाकटा जे बोलला ते तिच्या कानात कायमचं बसलं. “गाडी तुला लखलाभ. तुझं तोंड पुन्हा बघणार नाही.”

गेला तो थेट वर, खिंडीतल्या फाटकावर राखणदार म्हणून. बर्फ पडलं की फाटक लावायचं, वितळलं की उघडायचं. तिथे गवतसुद्धा उगवायचा कंटाळा करतं.

पण दैव खट्याळ. त्या फाटकाला सामान पोचवायचं काम थोरल्याच्याच गळ्यात पडलं, कारण तो चढ चढणारी गाडी त्याच्याकडेच होती. दर आठवड्याला पीठ, बटाटे, रॉकेल मागे बांधून निघायचं. वळणामागून वळण, चाकाखाली खडी, वाऱ्याने सुजलेले डोळे, कोंडलेली छाती. वर पोचून तो सामान पायरीवर उतरवायचा. धाकटा दाराआड. पायरीवर मात्र पोत्यात गुंडाळलेली गरम पाण्याची किटली असायचीच. थोरल्याने तिचा अर्थ आपल्या स्वभावाप्रमाणे काढला: गारठलेली गाडी तापव आणि टळ एकदाचा. तो पाणी इंजिनावर ओतायचा, किक मारायचा, पहिल्या वळणावर दोनदा हॉर्न द्यायचा आणि खाली. केस पिकले, हट्ट कच्चाच राहिला.

यंदा डॉक्टरांनी छाती तपासली आणि उंचीवर जाणं बंद केलं. आता जीपवाला जाणार होता. थोरल्याला फार काही नको होतं. एकदा भावाचा आवाज कानावर पडला असता तर बरं झालं असतं. पण सुरुवात कोणी करायची?

शेवटच्या खेपेआधी गाडी मेकॅनिककडे नेली. तो इंजिन खरवडता खरवडता थांबला, बोट चाटलं. “काका, गाडीला सरबत पाजता की काय? सगळा पाक जळून बसलाय.”

थोरल्याने स्वतः इंजिनावरून बोट फिरवून चाटलं. लहानपणी दमला की तो साखरेचं गरम पाणी मागायचा. हे माहीत असलेला माणूस जगात आता एकच उरला होता.

वर पोचल्यावर त्याने सामान उतरवलं, पायरीवर टेकला आणि किटली तोंडाला लावून थेंब न ठेवता प्यायला. मग किक मारत राहिला. गाडी ढिम्म. पाय भरून आले, श्वास पुरेना. हाक मारायला मात्र तोंड उघडेना.

दार करकरलं. बूट वाजले, आणि गाडीला मागून दोन हात लागले. मागून ढकलताना तोंड बघायचा प्रश्नच नाही, शपथ शाबूत. गाडी उताराला लागली.

“क्लच सोड, दादा.”

त्याने सोडला. इंजिन धडधडलं. मान न वळवता थोरला निघाला, आणि पहिल्या वळणावर नेहमीसारखा दोनदा हॉर्न दिला.