वांग्यावरचा आळ

एकाहत्तर-बाहत्तरचा सुमार असेल. लग्न होऊन मी अकोले तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका गावी नांदायला आले होते. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून माझी कंबर धरली, म्हणून सासूबाईंनी डब्यातली पांढरी गोळी दिली. अंगदुखीला घरात सगळे तीच घेत. थोड्या वेळाने माझ्या हातांवर, पोटावर लाल गांधी उठल्या. वरचा ओठ सुजला.

"दुपारी वांगं खाल्लंस ना, त्यानं पित्त उठलंय," म्हणत सासूबाईंनी आमसुलाचं पाणी अंगाला चोळलं. रात्रीपर्यंत सगळं उतरलं. त्या दिवसापासून माझं वांगं बंद झालं.

भाताची काढणी झाली आणि दाढ ठणकायला लागली. ह्यांनी दुकानातून गोळी आणली. तिचं नाव वेगळं, कागदही वेगळा. ती घेऊन मी तांदूळ पाखडायला बसले, तर तळहात खाजू लागले. मग पापण्या जड झाल्या, ओठ ताणले आणि श्वास घेताना छातीत शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मला बोलता येईना. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आज तर वांगं न्हाई खाल्लं हिनं," त्या ह्यांना म्हणाल्या. "पळ, सडकेवर जीप अडव."

तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं. छाती मोकळी झाल्यावर विचारलं, "आज कुठलं औषध घेतलं होतं?"

"दाढेसाठी गोळी."

"आणि मागे कधी असं झालं होतं? तेव्हा काय घेतलं होतं?"

मी आठवू लागले, तोवर सासूबाई हळूच म्हणाल्या, "तवा कंबरेसाठी मीच दिल्ती." त्यांनी त्या गोळीचं नाव सांगितलं आणि ह्यांनी खिशातून दाढेच्या गोळीचा कागद काढून दाखवला.

"नावं दोन असली तरी आत औषध एकच आहे," डॉक्टर म्हणाले. "वांग्याचा काही दोष नाही. या जातीची दुसरी दुखण्याची औषधंही तुम्हाला बाधू शकतात, तेव्हा विचारल्याशिवाय कुठलीच घेऊ नका. आणि ओठ सुजले, दम लागला, तर घरी थांबायचं नाही. तडक इथं यायचं."

परतताना सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

पुढे बाळंतपणासाठी मला नगरला नेलं. कळांनी मला शब्द सुचत नव्हता. नर्स जवळ आली, तशा सासूबाई पुढे झाल्या.

"बाई, हिला दुखण्याची गोळी चालत न्हाई. दम कोंडतो. आधी लिवून घ्या, मग काय ते करा."

नर्सने लिहून घेतलं. पहाटे मुलगी झाली.