आरसे बांधलेल्या बायका

मार्गशीर्षातला रविवार, १९९१. दुपार. अंबरनाथची आमची खोली. हजर: आई, मी, शेजारच्या काकू आणि स्टेशनजवळच्या स्टुडिओतले फोटोवाले. गैरहजर: धाकटी बहीण.

दिवाळी झाल्यावर ती नेहमीसारखी उल्हासनगरला कामाला गेली, ती परत आलीच नव्हती. चौकीतले हवालदार म्हणाले होते, "अलीकडचा फोटो आणा, बाहेरगावच्या ठाण्यांना पाठवू." आमच्याकडे होता तो चौथीतला, दोन वेण्यांचा. त्यानंतर घरात लग्न निघालं नव्हतं, म्हणून फोटो काढणारा कोणी आला नव्हता. एवढंच कारण.

मग काकूंना आठवलं. आदल्या हिवाळ्यात त्या आणि बहीण बारवी धरणावर एका भुताच्या सिनेमात गर्दीत उभ्या राहिल्या होत्या. सिनेमा थिएटरला लागला नाही, पण कॅसेट निघाली होती. मी उल्हासनगरची व्हिडिओची दुकानं ओळीने पालथी घातली. शेवटी एका दुकानदाराने वरच्या फळीवरून काढून दिली.

"दीदी, दूसरी ले जाओ. इसमें स्टोरी ही नहीं है. लोग गाली देके वापस करते हैं."

मी तीच घेतली. व्हीसीआरही भाड्याने आणला, आणि पडद्यावरून तिचा फोटो काढायला फोटोवाल्यांना बोलावलं.

खरंच गोष्ट नव्हती. भर पाण्यात लोखंडी पलंग जळत होता. एक म्हातारा तोंडातून लांबच लांब लाल कापड ओढून काढत होता. झाडाला देव्हारे उलटे टांगले होते. कशाचा कशाला मेळ नाही. प्रत्येक चित्राला आई विचारत होती, "आली का?"

मग बायका आल्या. पांढऱ्या लुगड्यांची रांग पाण्यातून वर चढत होती आणि प्रत्येकीच्या तोंडावर आरसा बांधलेला होता. चेहऱ्यांच्या जागी आभाळ.

"अगं बाई!" काकूंनी कपाळाला हात लावला. "आरसे बांधले होते, मी साफ विसरले."

"सकाळी शूटिंगच्या जेवणातला एकेक पदार्थ सांगत होतात, आणि हे विसरलात?" मी म्हणाले.

आई उठून टीव्हीपाशी गेली. रांग पुढे सरकत होती. तिने काचेवर बोट ठेवलं. "ही. डावा पाय बघ. विहिरीवर पडली तेव्हापासून अशीच टाकते."

मीही ओळखलं. तीच होती.

मी पॉज दाबलं. चित्र थरथरत थांबलं. फोटोवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"मावशी, नुसता आरसा येतोय. चेहरा कुठून आणू?"

"मग चालताना काढा."

"फोटोत चालणं येत नाही हो."

"तुम्ही काढा तर खरं."

त्यांनी काढला. आईने मला पुन्हा मागे घ्यायला लावलं, मग पुन्हा. दर वेळी बहीण पाण्यातून वर यायची, डावा पाय टाकायची आणि पडद्याच्या कडेला नाहीशी व्हायची. संध्याकाळपर्यंत टेपवर तेवढ्याच जागी पांढऱ्या रेघा पडल्या.

हवालदारांनी तो फोटो उलटसुलट करून पाहिला. "ताई, यावरून लोकांनी ओळखायचं कोणाला?" आई समजावत राहिली. चौकीतल्या फरशीवर तिने डावा पाय ओढून तशी चालूनही दाखवली. मी तिचा दंड धरला आणि बाहेर आणलं.

घरी हे ऐकून काकू म्हणाल्या, "आरसा बांधायच्या आधी त्यांच्या एका माणसाने आम्हा प्रत्येकीचा फोटो काढला होता. जेवायला आरसे सोडले की नंतर ज्या बाईचा आरसा त्याच बाईला यावा म्हणून. उघड्या तोंडाचा."

दुसऱ्याच दिवशी मी सिनेमावाल्यांचं अंधेरीतलं ऑफिस गाठलं. दारावर दुसऱ्याच धंद्याची पाटी होती. सामान टेम्पोत भरून नेलं, कुठे ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी कॅसेटवाले विचारले, फोटो धुणारे विचारले, धरणावर गर्दी पुरवणारा बदलापूरचा मुकादम विचारला. एकेका नावावर काट मारत गेले.

आई गेली. बहिणीचा पत्ता नाही. आरसा बांधण्याआधीचा तो फोटो मिळवायचा आहे. ते काम बाकी आहे.