आमच्या भिंतीवर देव नव्हता

आई, बाबा आणि मी एका खोलीत राहत होतो, वर पत्रा. बाबा भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात आले आणि जन्मभर ठेकेदाराच्या हाताखाली राबले. परमनंट कधी झालेच नाहीत. आई कारखान्याच्या सेक्टरातल्या क्वार्टरांमध्ये भांडी घासायची. उन्हाळ्यात पत्रा तापला की बाबांचा दमा उसळायचा, मग आई त्यांना दाराशी बसवून सुपानं वारा घालायची. मी दुर्गला कॉलेजात जाऊन बी.ए. झाले, खानदानातली पहिली. शाळेत नोकरी लागली. माझ्या पगारातून मागे पक्की खोली बांधली आणि बाबांच्या खाटेशी खिडकी ठेवली. हे मी मिरवूनच सांगते.

खिडकीबाहेर बोळ आहे. कचऱ्याच्या गाडीचा महिन्याचा चार्ज सुरू झाला आणि बोळाचं नशीब फिरलं. चार्ज फार नव्हता, पण लोकांना खुपला. शेजारची काकी म्हणायची, कचरा आमचा आणि तो द्यायचे पैसेही आम्हीच भरायचे, हा कुठला न्याय. गाडी आली की अशी घरं दार लावून घेत. गाडी गेली की पिशव्या बोळात. आम्ही चार्ज भरत होतो, पण त्याचा आमच्या भिंतीला काय उपयोग?

ज्यानं त्यानं आपली भिंत वाचवली. त्याची एक रीतच आहे : देवाच्या टाइल्स लावायच्या, मग तिथे कोणी थुंकत नाही, कचरा टाकत नाही. कोणी शंकर लावला, कोणी दुर्गा. एकानं तर मशीद आणि क्रॉसही लावला, कोणी सुटायला नको. आमचं घर बौद्ध. बोळात आमचीच तेवढी भिंत कोरी, म्हणून सगळ्यांचा कचरा आमच्या खिडकीखाली. ढीग वाढला की कोणीतरी काडी लावायचं आणि प्लास्टिकचा धूर सरळ बाबांच्या खाटेवर.

मी महापालिकेत अर्ज केला. साहेब सभ्य होते. म्हणाले, "मैडम, नाम दीजिए. बिना नाम के जुर्माना किस पर लगाएँ?" नावं मला पाठ होती. पण बाबांचा श्वास अडकला होता तेव्हा काकीच्याच मुलानं त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं. मी एकही नाव दिलं नाही. त्यांनी दंडाचा बोर्ड लावून दिला. लोकांना पिशव्या टेकवायला आधार झाला.

उपाय काकीनंच सुचवला, अगदी मायेनं. "तुम भी एक टाइल लगा दो, बेटी. बुद्ध भगवान भी चलेंगे. फिर मैं तो नहीं डालूँगी, कसम से."

मला हसू आलं, आणि पटलंही. घरी येऊन बाबांना सांगितलं. ते धापा टाकत होते, बोलायला वेळ लागला.

"बुद्धाले कचऱ्याच्या राखणीले बसवू का मी?"

"बाबा, पयले तुमचा दम पाहा ना."

"दम माया हाय, मी पायतो त्याचं. ते लोक देवाच्या भेवानं थांबतेत. आपून तं ते भेवच सोडलं. तू शिकली कायले मंग, बाई?"

शिकलेल्या माणसाला जे करता येतं ते मी करत राहिले : पुन्हा अर्ज, पुन्हा चकरा, घरोघरी जाऊन विनवण्या. लोक चहा पाजायचे, हो म्हणायचे. दुसऱ्या दिवशी ढीग तेवढाच. थंडीत तर पोरंसोरं त्यावर हात शेकायची. त्या थंडीत बाबांना दोनदा ऑक्सिजन लावावा लागला.

दुसऱ्यांदा त्यांना घरी आणलं, त्याच आठवड्यात मी मिस्त्री बोलावला आणि खिडकी विटांनी बुजवून टाकली. बाबा खाटेवरून बघत होते. वरून प्लास्टर केलं. भिंत अजून कोरी आहे, कचरा तिथेच पडतो, तिथेच जळतो. चार्ज मी भरते. खोलीत भरदिवसा बल्ब लावावा लागतो. धूर मात्र आत येत नाही, आणि बाबा आता आडवे होऊन झोपू शकतात.