धुतलेली मेंढी, न धुतलेली मेंढी

पलूसच्या आमच्या घराला नवी खोली जोडली ती वडिलांसाठी. आई गेली, मग उरलीसुरली मेंढरंही त्यांनी विकली, तरी आटपाडीकडच्या घरात ते एकटेच राहायचे. लेकीच्या घरी दोन दिवसांवर राहायचं नाही, हा त्यांचा नेम. आले की पिशवी उशाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी.

रंगाची वेळ आली तेव्हा मी नुसती हरखून गेले होते. पेंटरने भिंतीवर दोन पट्टे ओढले. दोन्ही पांढऱ्याच्या जवळचे, एक किंचित पिवळसर, दुसरा किंचित मातकट. मी दारातून बघ, खिडकीशी जाऊन बघ, ट्यूब लावून बघ. नवरा सैन्यात, त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्याला एकच पट्टा दिसला. पेंटरचंही तेच, वैनी, दोन्ही सारखेच, उगाच घोळ घालू नका.

त्याच सकाळी आलेले वडील उंबऱ्याबाहेर बसले होते, पिशवी मांडीशी घेऊन. विचारलं तर म्हणाले, तुझी खोली, तू ठरव. माझं डोकंच फिरलं. तुम्हाला राहायचंच नाही तर मी ही बांधली कुणासाठी, असं पेंटरसमोरच बोलून गेले.

ते उठले, चपला काढून आत आले आणि पट्ट्यांपुढे उभे राहिले.

"सारखं कोन म्हनलं?" पिवळसर पट्ट्याकडे बोट करत ते म्हणाले. "ही कातरायच्या आदी धुतलेली मेंढी. आन् ही न धुतलेली."

पेंटर हसला. मी पुन्हा पाहिलं आणि खरंच, दोन रंग लख्ख वेगळे झाले. मला इतका आनंद झाला की विचारतानाही आवाज चढला. यातली कुठली घ्यायची?

"धुतलेली येक दिस बरी दिसती," ते म्हणाले. "रोज संगं ऱ्हायाला ही."

रोज म्हणाले. मी ऐकलं, पण बोलले नाही; बोललं की हे उठून स्टँडवर जातील अशी धास्ती.

मातकट रंग लागला, वाळला. तिसऱ्या दिवशीची एसटी गेली. चौथ्या दिवशी ते खांद्यावर घोंगडं घेऊन खोलीत उभे होते.

"बाई, हितं येक खिळा मार की."

नव्या भिंतीला खिळा नको, असं पेंटर सांगून गेला होता. मी हातोडा आणायला पळाले. खिळा मीच मारला, आणि तोही वाकडा.