पिण्याच्या पाण्याची सोय

“हे वाक्य संपतं कुठं?” सरांनी विचारलं.

बालाघाटला त्यांच्या व्हरांड्यात आम्ही एम.ए.ची चार पोरं बसलो होतो. माझ्या लघुप्रबंधाचं पहिलं पान सरांच्या हातात. ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. सुरू केलं तेव्हा चहा गरम होता, संपवलं तेव्हा वर साय धरली होती. पोरं हसली.

“तुमच्या लोकांना शब्द नवे नवे मिळालेत,” सर म्हणाले, “म्हणून काय असे उधळायचे?”

मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. वाक्य होतंच तसं. ‘श्रमजीवी मानवसमूहाच्या’पासून निघालेली वरात, अन् नवरदेव पार शेवटी. मला वाटायचं, जड लिहिलं की आपणही वजनदार.

सर लाल पेन्सिलीनं कापत गेले. खोटं कशाला बोलू, चांगलं कापत होते. माझी लंगडी वाक्यं चालायला लागली. मग तिरोडीच्या खदानीचं पान आलं. तिथं माझं एकच साधं वाक्य होतं: ‘आमच्या बायांना माठाला हात लावू देत नसत, पाणी वरून त्यांच्या ओंजळीत ओतत.’

“पाल्हाळ.” सरांनी रेघ मारली. वर लिहिलं: ‘मजुरांसाठी पिण्याच्या पाण्याची सोय होती.’

“बघ. निम्म्यात झालं.”

आणि मी काय म्हणालो? “छान झालं, सर.”

साफ प्रत करायला तिरोडीला घरी गेलो. माय त्याच खदानीत दगड फोडून म्हातारी झालेली. जेवण झालं तशी म्हणाली, “पानी दे रे.”

आमच्याच माठातून लोटा भरला. तिनं दोन्ही हात जुळवून तोंडाशी नेले. मी वरून धार धरली. पाणी तिच्या कोपरांवरून गळत राहिलं.

लहानपणापासून असंच पाजत आलेलो. त्या दिवशी माझा हात मला दिसला. लोटा किती उंच धरायचा, हे त्याला बरोबर माहीत होतं.

“माय, गिलासानं पी ना.”

“काहून? हाताले सवय हाय.”

बौद्ध होऊन, भिंतीवरचे देव उतरवून आम्हाला वर्षं झाली होती. ओंजळ उतरली नव्हती.

सरांचं वाक्य उतरवायला बसलो. ‘सोय होती’पर्यंत पोचेना. लाल रेघेखालून ते हात वर येत. कोपरं ओली.

माझं वाक्य परत लिहिलं. बाकी सगळं सरांचंच ठेवलं.

“हे पुन्हा कुठून आलं?” बालाघाटला साफ प्रत चाळताना सरांनी विचारलं.

“तिथंच होतं, सर.”

“हे राहणार असेल तर माझी सही मिळणार नाही.”

सही नाही म्हणजे पदवी नाही. पदवी नाही म्हणजे कॉलेजातली नोकरी नाही.

“बाकी काय कापायचं ते कापा,” मी म्हणालो. “हे नाही.”

सरांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली. मी पान ओढलं. टोक मोडलं.

पदवी राहूनच गेली. पुढं मायही वारली. आता एका छापखान्यात लोकांची लांबलेली वाक्यं कापून पोट भरतो. हसा खुशाल, मीही हसतो. पण माठाकडं गेलो की हात आपोआप उंच उठतो, आणि खाली कुणीतरी ओंजळ धरून बसलेलं असतं.

म्हणून सांगून ठेवतो. माठ राहील. बाया राहतील. वरून पडणारी धार राहील. त्या वाक्यातला एक शब्दही मी कुणाला कापू देणार नाही.