हजेरीतलं शेवटचं नाव

सालोमीबाई हजेरी घ्यायच्या तेव्हा मुलांनी "हजर" म्हणायचं नसे. मागच्या रविवारची गोष्ट आठवडाभरात कुणाला सांगितली, त्याचं नाव सांगायचं. "आज्जीला." "चुलत्याला, शेतात." एकदा एक पोरगी म्हणाली, "म्हशीला." बाईंनी तेही लिहून घेतलं. निजामी अमदानीत शिकल्यामुळे त्यांची हजेरीवही उर्दूत असे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र मराठीत तोंडपाठ.

मराठवाडा महाराष्ट्रात आला त्या सुमारास मी सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या विद्यालयात, बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय धर्मशिक्षण. प्रात्यक्षिकासाठी मला मुरूम गावी, बाईंच्या चर्चमधल्या रविवारच्या शाळेत पाठवलं. बाई चौथी शिकलेल्या, मी आधीच बी.ए. झालेला, आणि माझ्या कामावर शेरा लिहायचा तो त्यांनी. हे मला फार लागलं होतं. शेरा वाईट आला तर पदवी अडकणार होती आणि सेमिनरीतली शिकवण्याची जागा हातची जाणार होती. त्या जागेच्या भरवशावर घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती.

बाई सांगायच्या, "मास्तर, गोष्ट अर्धी शिजवून द्यावी. बाकीची ज्याच्या त्याच्या चुलीवर शिजू द्या." मी मनात हसायचो. मी उधळ्या पुत्राचा दाखला घेतला, वाट्याची मालमत्ता घेऊन घर सोडलेल्या मुलाची येशूनं सांगितलेली गोष्ट. फ्लॅनेलच्या फळ्यावर रंगीत चित्रं लावली, शेवटी बोधाचे पाच मुद्दे काढून पाठ करून घेतले. मुलं गपगार बसली होती. मला वाटलं, काय रंगलीत!

पुढच्या रविवारी आमचे प्राध्यापक पाहणीला आले. बाईंनी हजेरी सुरू केली. "कुणालाच न्हाय, बाई." दुसरा, तिसरा, सगळ्यांचं तेच. माझे कान तापले. मग बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही?" वहीत शेवटी माझंही नाव आहे, हे मला तेव्हा कळलं.

"मी शिकवली की, बाई."

"शिकवली, व्हय. सांगितली कुणाला?"

बाईंनी शेऱ्याच्या कागदावर उर्दूत काहीतरी लिहिलं. प्राध्यापकांना वाचता येईना, म्हणून स्वतःच वाचून दाखवलं, "अजून शिकायचंय." माझी बाजू त्यांनी एका शब्दानंही सावरली नाही.

तणतणत खोलीवर आलो. घरमालक हसनचाचा शिंपी होते. त्यांचा मुलगा भांडून सोलापूरच्या गिरणीत गेला होता, आणि त्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती. "क्या हुआ मास्तर?" त्यांनी विचारलं. मी रागारागात सगळं सांगू लागलो, आणि त्या भरात दाखलाच सांगत सुटलो. उपाशी मुलगा बापाच्या घराकडं निघतो, तिथवर आलो आणि चाचांनी मशीन थांबवलं.

"फिर? बाप ने घर में लिया क्या?"

पाच मुद्द्यांतला एकही कामाचा वाटेना. गोष्ट तिथंच सोडून मी उठलो तो थेट बाईंच्या घरी. त्या भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून त्यांनी तवा उतरवला.

"मग हितं कशाला आलाव? जावा, पुढचं सांगा त्यांना. अशा माणसाला रविवारपर्यंत थांबवायचं न्हाय."

मी जाऊन सांगितलं, की बाप धावत सामोरा गेला आणि त्यानं मुलाला पोटाशी धरलं. चौथ्या दिवशी ते सोलापूरच्या गाडीत बसले. त्या रविवारी माझं नाव आल्यावर मी म्हणालो, "हसनचाचांना." बाईंनी जुना शेरा खोडला नाही. त्याच्याखाली फक्त लिहिलं, "शिकायला लागलेत." तेवढ्यावर मला पदवी मिळाली, जागाही मिळाली, लग्नही झालं. आजवर शेकडो विद्यार्थ्यांना मी धर्मशिक्षण शिकवलं, पण इतका खरा शेरा मला कुणाला लिहिता आला नाही.

बाई गेल्या तेव्हा पोचायला मला दोन दिवस उशीर झाला. माती देणंही नशिबात नव्हतं. त्यांच्या भाचीनं हजेरीची वही माझ्या हातात दिली. मला उर्दू येत नाही, म्हणून ती घेऊन मी हसनचाचांच्या दुकानात गेलो. चाचा आता नव्हते. मशीनवर त्यांचा मुलगा बसला होता. त्यानं पानं उलटत वाचून दाखवलं. मी मुरूम सोडल्यानंतरही प्रत्येक रविवारी, अगदी शेवटच्या पानापर्यंत, हजेरीत शेवटी माझं नाव होतं. पुढची जागा कोरी.

बाई, आज सांगितली. हे वाचतायत, यांना.