उद्या ओटी आहे

रुग्णालयात आमच्या खात्याला सगळे ओटी म्हणतात. ऑक्युपेशनल थेरपी हे नाव कुणाच्या जिभेवर बसत नाही, आणि दारावरची 'व्यवसायोपचार विभाग' ही पाटी वाचून लोक नोकरीची चौकशी करायला आत शिरतात. ऑपरेशन थिएटरलाही ओटीच म्हणतात. म्हणजे परळच्या आमच्या त्या इमारतीत ओटी दोन, पण लोकांच्या लेखी खरी एकच. गिरगावात माझी आईसुद्धा शेजारणींना "फिजिओ आहे" असं सांगून मोकळी होते. पूर्वी मी तिच्याशी भांडायचे. आता नुसती धुसफुसते.

त्या सकाळी वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींना चाकाच्या खुर्चीतून माझ्याकडे आणलं. पॅरालिसिसच्या झटक्याने उजवा हात लुळा पडला होता, पण बोटं थोडी थोडी हलायला लागली होती. दादरच्या बाजारात बसून मासे विकायचे आणि गिऱ्हाइकाला कापून द्यायचे, हे त्यांचं जन्मभराचं काम. हात गेला म्हणजे सगळंच गेलं. सोबत नवरा, मुलगा, सून आणि शेजारच्या दोघी-तिघी, सगळ्यांचे डोळे रडून सुजलेले. मावशींचे ओठ सुकले होते, म्हणून मी पाणी पुढे केलं, तर सून घाईघाईने म्हणाली, "नको मॅडम, ऑपरेशनच्या आधी पानी चालत नाय ना."

आदल्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या, "उद्या ओटी आहे." तेवढ्यावर मावशींनी रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. एकवीरेला नवस बोलून झाला होता. ऑपरेशनला अंगावर काही ठेवत नाहीत म्हणून बांगड्याही काढल्या होत्या. डाव्या हातातल्या निघाल्या. उजवा सुजलेला, त्यातल्या निघेनात, म्हणून सुनेने त्या वाढवल्या. नवरा जिवंत असताना हिरवा चुडा उतरला, याचं म्हाताऱ्याला इतकं लागलं होतं की तो बायकोच्या हाताकडे बघतच नव्हता.

मी सगळ्यांना बसवून सांगितलं की ऑपरेशन नाही, ही वेगळी ओटी. इथे हाताला पुन्हा कामाची सवय लावतात. मावशींना आधी चहा-बिस्कीट दिलं. मग चिकणमातीचा मासा आणि आमच्या सुताराकडून करून घेतलेला लाकडी कोयता पुढे ठेवला. कोयत्याच्या मुठीला मी फोम गुंडाळून ती जाड केली होती, अधू हाताला धरता यावी म्हणून.

मावशी माशाकडे बघून हसल्या. "ह्यो पापलेट हाय? याला डोला कुठाय गो बाय?"

मी पेन्सिलीने डोळा केला. कोयता हातातून निसटला, पुन्हा दिला, पुन्हा निसटला. आणि मग त्यांचा अंगठा आपणहून मुठीभोवती आला. नुसता हात हलवा म्हटलं असतं तर तो आला नसता, मासा समोर दिसल्यावर आला. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. दोन-तीन महिने या बाई माझ्याकडे आल्या तर बाजारात पुन्हा आपल्या जागेवर बसतील, याची मला खात्री पटली.

मुलगा मात्र मातीकडे बघत होता. "आईला उपाशी ठेवली, बांगड्या फोडल्या, ते या मातीशी खेळायला?" तो वाढवल्या म्हणाला नाही, फोडल्या म्हणाला. त्याचा राग खोटा नव्हता.

मोठ्या डॉक्टरांना गाठून मी विनवलं की मावशींना माझ्याकडे आणत राहा म्हणून तुम्ही एक शब्द टाका, तुमचं ऐकतील. "सांगतो की," ते म्हणाले. "आणि तुम्ही ते नाव बदलून घ्या बाई, गोंधळ होतो." मग खाटेपाशी जाऊन त्यांनी सांगितलं, "ऑपरेशनची गरज नाही. घरी फिजिओवाला लावा, व्यायाम चालू ठेवा." सगळ्या घराने हात जोडले. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. फिजिओवाल्यांशी माझं वैर नाही. ते हाताला बळ आणतात. त्या हाताने कोयता धरून पोट कसं भरायचं, ते बघायचं काम आमचं. पण हे बोलायला मला तिथे विचारलं कोणी?

मी फोन केले. मुलगा "आणतो, आणतो" म्हणायचा, मग उचलेनासा झाला. दुसऱ्याच्या आईला ओढून तर आणता येत नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी मुद्दाम दादरच्या त्या बाजारात गेले. कोयता सुनेच्या हातात होता. मावशी बाजूला पाटावर बसून डाव्या हाताने माश्या वारत होत्या. दोन्ही हातांत नवा हिरवा चुडा होता, पण उजवा हात ओटीत मूठ मिटून पडलेला. मला बघताच त्या ओरडल्या, "अगो, ही बघा माझी ओटीवाली बाय! हिनं माझं ऑपरेशन टाललान!" आजूबाजूच्या बायका कौतुकाने माझ्याकडे बघायला लागल्या. सुनेने सगळ्यात मोठं पापलेट उचललं.

मी खाली बसून त्यांची मूठ उघडायला बघितली. बोटं आखडून गेली होती.

"ऱ्हाऊ दे गो, दुखतंय," त्या म्हणाल्या, आणि चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवून पुन्हा सगळ्यांना सांगायला लागल्या की या बायचे उपकार आहेत. इतक्या वर्षांत चारचौघांत माझं असं कौतुक पहिल्यांदाच होत होतं. पापलेटाची पिशवी हातात घेऊन मी ते ऐकत राहिले.